उजवी फळी

घर तिथंच आहे, मुहर्रकच्या गल्लीत,
सहा वर्षांच्या डागडुजीनंतर.
इथं तिसऱ्या दालनात आलंय
ते त्यातून काढलेलं, खरवडलेलं, उरलंसुरलं:
समुद्रातून फोडून आणलेला प्रवाळाचा दगड,
खजुरीच्या दोराची गाठ,
रंगाचे अकरा पापुद्रे एका काचेखाली,
आणि तळहाताएवढं सिमेंट,
ज्यानं भिंतीचा श्वास कोंडला
आणि मीठ आतल्या आत फुलत गेलं.

माझं काम उजेडाचं. मी शिडीवर.
कागदाला पन्नास लक्स, लाकडाला दीडशे,
दगडाला हवा तेवढा द्या, दगड सोसतो.

मधोमध दाराची एकच फळी, सागवानी.
मागच्या अंगाला चुळीजवळ काहीतरी कोरलेलं.
पाटीवर: सजावटीची खूण. अर्थ अज्ञात.
दिवा कलता करताना उजेड आडवा सरकला
आणि खुणेच्या डोक्यावर
एक लांब रेघ उमटली.
आधी ओळ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची,
ही मोडीची रीत.
मला मोडी येत नाही. फक्त ओळखू येते,
गर्दीत गावचा माणूस नाव न आठवता ओळखू यावा तशी.

फोटो पाठवला चुलतसासऱ्यांना,
भूमी अभिलेखात बत्तीस वर्षं काढलेले दत्तोपंत.
दोन दिवसांनी त्यांचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी:
"उजवी असावं. नाहीतर उरली.
सुताराचा हात आहे हो, कारकुनाचा नव्हे.
जोडीची फळी शोधा. तिच्यावर डावी निघालं
की मिटलं."

मुनीराबाईंना सांगितलं. त्यांनी वहीत टिपलं,
मग विचारलं, "पुरावा?"
एक निवृत्त माणूस आणि एक फोन, मी म्हटलं.
त्या हसल्या, वाईट नाही हसल्या.
पाटी तशीच राहिली.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी
हेसाबाई आल्या, त्या घरातल्या थोरल्या लेक,
चाकाच्या खुर्चीत, मागे नातू.
घराच्या लाकडी नमुन्यावर वाकून म्हणाल्या,
"इथं गादीतक्के? इथं आमची बकरी असायची."
सतरा वर्षांत एवढं अरबी कळतं.
"आणि एसीचं भोक कुठंय?
त्याच्याखाली माझी तिन्ही मुलं निजली."
मुनीराबाई हळू म्हणाल्या,
"खाला, आम्ही घर एकोणीसशे बत्तीस सालात नेलंय."
"त्या साली मी नव्हते," म्हातारी म्हणाली.
तक्रार नाही. नुसती नोंद दिल्यासारखी.

मग खुर्ची फळीपाशी थांबली.
त्यांनी हात लावला.
पहारेकरी पुढं झाला, आणि कुणी न सांगता
मागं सरला.
मी शिडीवरूनच विचारलं, मोडक्या अरबीत,
दुसरी कुठंय?

वर न बघता त्या बोलल्या.
वडील गेले तेव्हा घरात सपाट, लांब काही नव्हतं.
डावी उतरवली. तिच्यावर त्यांना न्हाऊ घातलं.
नंतर ती परत चढवायला
कुणाचा हात धजला नाही.
वर्षभर अंगणात उभी होती, भिंतीला टेकून.
मग नव्हती.
"एका फळीचं दार," त्या म्हणाल्या,
"वारा आला की लहान मूल बसवायचो त्याला टेकून.
बहुतेक वेळा मीच."

नातवानं घड्याळ पाहिलं.

सगळे गेल्यावर मी शिडी परत लावली.
दत्तोपंतांना अजून कळवायचंय; काय कळवू, ते ठरेना.
नोंदवहीत लिहिलं:
दिवा क्रमांक चौदा, अकरा अंश खाली, आडवा.
कारणाचा रकाना असतो पुढं.
तो कोरा ठेवला
आणि सही केली.